कागद आणि जमाव : वकील नरसिंह राव



पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे भारताचे नववे पंतप्रधान. त्यांच्यावर आदिलाबादेत, आणि तेही मराठीत, का बोलायचे? हा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर त्याने आपल्या जुन्या, चार जिल्हे होण्याआधीच्या आदिलाबादभोवती मनातल्या मनात एक फेरी मारावी. दक्षिणेला गोदावरी उतरून पलीकडे गेले की मंथनी लागते. १९५७ ते १९७७ अशी सलग वीस वर्षे नरसिंह राव तिथले आमदार होते. उत्तरेला वर्धा ओलांडली की चांदा, आजचे चंद्रपूर. निजामाविरुद्धच्या शेवटच्या लढ्यात, १९४७-४८ साली, हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सरहद्दीवरचा जो तळ चांद्याला होता, त्यात ते काम करत होते. त्याच्या वर नागपूर. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीपायी निजामाच्या राज्यात शिक्षणाची दारे बंद झाली तेव्हा हा मुलगा नागपूरला आला, मग पुण्याच्या फर्ग्युसनला गेला आणि कायद्याची पदवी घ्यायला पुन्हा नागपूरला परतला. नागपूरजवळच्या रामटेकने त्यांना १९८४ आणि १९८९ मध्ये लोकसभेवर पाठवले. मराठी त्यांना इतकी अवगत होती की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगूत नेली. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या चतुःसीमा पाहता पाहता त्यांच्या अर्ध्या आयुष्याचा नकाशा हाती येतो. मग त्यांच्याविषयी इथे नाही बोलायचे तर कुठे?

पण आज मला त्यांचे चरित्र सांगायचे नाही. एक म्हणणे मांडायचे आहे आणि ते तुमच्यापुढे तपासून घ्यायचे आहे. नरसिंह रावांना कोणी चाणक्य म्हणतात, कोणी मौनीबाबा म्हणतात. कोणी १९९१ चे श्रेय देतात, कोणी १९९२ चा दोष देतात. ही दोन माणसे असल्यासारखे आपण बोलतो. माझ्या मते माणूस एकच आहे आणि त्याच्या यशाचे मूळ जिथे आहे तिथेच त्याच्या अपयशाचेही आहे. ते मूळ म्हणजे वकिलाची सवय. जे लिहिले गेले, ज्यावर सही झाली, ज्यावर कोर्टाने निवाडा दिला, ते ठरले, असे मानण्याची ही सवय. समोरचा पक्षही कागद मानणारा असेल तेव्हा या माणसाने अचाट कामे केली. समोर जमाव होता, आणि जमावाला कागदाशी देणेघेणे नव्हते, तेव्हा हा माणूस हरला. आणि तो एकदा नाही, दोनदा हरला. १९९२ सर्वांना आठवते. त्याआधीचे १९७२ आपण विसरतो, आणि ते विसरल्यामुळे १९९२ आपल्याला नीट उमगत नाही.

पहिला आक्षेप लगेच येईल. अहो, त्यांनी वकिली केली तरी किती? खरे आहे. हैदराबादला बुर्गुल रामकृष्णराव यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली, पण पुढे स्वातंत्र्यलढ्याने आणि राजकारणाने त्यांना ओढून घेतले. संसदेच्या नोंदीत ते स्वतःला शेतकरी आणि वकील म्हणवत, यापलीकडे मोठ्या खटल्यांची यादी त्यांच्या नावावर नाही. पण वकिली म्हणजे काळा कोट घालून किती वर्षे उभे राहिलो, एवढेच असते का? निजामाच्या राज्यात वकिलीचा अर्थ वेगळा होता. तिथे निवडून आलेले कायदेमंडळ नव्हते. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ आडवी येई. परवानगीवाचून तोंड उघडता येत नसे. अशा राज्यात सरकारविरुद्ध उभे राहून, नियमाचा आधार घेऊन, चढ्या आवाजात बोलता येईल अशी जागा एकच होती, ती म्हणजे कोर्ट. म्हणून हैदराबाद संस्थानातली राजकारणी माणसे मोजायला बसा, वकीलच वकील सापडतील. केशवराव कोरटकर, काशीनाथराव वैद्य, दिगंबरराव बिंदू, बुर्गुल रामकृष्णराव, आपल्या शेजारच्या नांदेडचे शंकरराव चव्हाण हे उस्मानियाचे एलएल.बी. आणि आपल्याच वांकिडीचे कोंडा लक्ष्मण बापूजी. मराठी, तेलुगू, कानडी, तिन्ही बाजूंनी हेच. या मंडळींनी राजकारणाचे पहिले धडे सभेत घेतले नाहीत, ते अर्ज, दावा, कैफियत आणि नजीर यांच्यात घेतले. नरसिंह राव या शाळेतले. गंमत अशी की वकिली बुर्गुलांकडे शिकले आणि राजकारणात मात्र बुर्गुलांच्या विरोधी गटातल्या स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे गेले. एकाकडून पद्धत घेतली, दुसऱ्याकडून ध्येय. ही दोन टोके त्यांच्यात शेवटपर्यंत राहिली, हे ध्यानात ठेवा.

१९५२ ची पहिली लोकसभा निवडणूक ते हरले. १९५७ ला मंथनीतून निवडून आले. १९६२ पासून मंत्री. आणि खाते कोणते मिळाले? कायदा. मग धर्मादाय, आरोग्य, शिक्षण असे करत करत सप्टेंबर १९७१ मध्ये ते आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. इथे स्वामीजींचा शिष्य बुर्गुलांच्या शिष्याला कामाला लावतो. शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा त्यांनी १९७२ मध्ये विधानसभेत मंजूर करून घेतला. कायद्यांच्या पुस्तकात तो १९७३ चा पहिला कायदा म्हणून आहे. स्वतः मोठ्या जमीनदार घरातले, आणि कायदा घरच्या जमिनीवरही येणार हे ठाऊक असलेले. कमाल जमिनीचे कायदे त्या काळी बहुतेक राज्यांनी केले, पण पळवाटा ठेवून केले. नरसिंह रावांना पळवाटा ठाऊक होत्या, कारण पळवाट म्हणजे काय हे वकिलाला शिकवावे लागत नाही. आणि त्या बुजवण्याकडे त्यांचा कल होता. ज्यांच्या जमिनी जाणार होत्या तेच त्यांच्या पक्षाचे आमदार होते, हे मात्र त्यांनी हिशेबात कमी धरले. तशात ३ ऑक्टोबर १९७२ उजाडला.

त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम लागू असल्याचा निकाल दिला. मुल्की नियम आदिलाबादकरांना काय सांगायचे! निजामाच्या १९१९ च्या फर्मानापासूनचे ते नियम. सरकारी नोकरीत या मुलखातल्या, पंधरा वर्षे राहिलेल्या माणसाचा हक्क पहिला, असा त्यांचा आशय. आंध्राच्या उच्च न्यायालयाने ते अवैध ठरवले होते, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मुख्यमंत्र्यांनी काय केले? निकालाचे स्वागत केले. वाद संपला, असे मानले. एका वकिलाच्या दृष्टीने हे बरोबरच होते. देशातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने सांगितले, आता आणखी कुठे जायचे? पण किनारपट्टीच्या आंध्रातली माणसे आणखी कुठे जायचे हे विचारत बसली नाहीत, ती रस्त्यावर आली. ‘जय आंध्र’ चळवळ उसळली. त्या भागातले मंत्री बाहेर पडले, कारभार ठप्प झाला. जमीन कायद्याने दुखावलेले जमीनदार या चळवळीच्या मागे उभे राहिले, हे खरेच. पण मुल्की निकालाने चिडलेला सामान्य तरुणही त्यात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. जानेवारी १९७३ मध्ये नरसिंह रावांना राजीनामा द्यावा लागला, राष्ट्रपती राजवट आली, आणि राज्याच्या सत्तेत ते पुन्हा कधी परतले नाहीत. निकाल हाती असलेला माणूस निकालामुळेच खुर्चीवरून गेला. कायद्यात जिंकून राजकारणात हरायचे, याचा एवढा स्वच्छ नमुना दुसरा दाखवता येणार नाही.

इथे थोडे थांबून दुसऱ्या एका वकिलाकडे पाहू. कोंडा लक्ष्मण बापूजी, जन्म १९१५, वांकिडी. आपल्या जिल्ह्याचा माणूस. हेही हैदराबादला वकिली करणारे, हेही निजामाविरुद्ध लढलेले, १९५२ ला आसिफाबादेतून निवडून आलेले, पुढे मंत्री झालेले. १९६९ ला वेगळ्या तेलंगणाची चळवळ पेटली तेव्हा एकाच मंत्रिमंडळात हे दोघे होते. बापूजींनी मंत्रिपद फेकले आणि चळवळीत उडी घेतली. नरसिंह राव शिक्षणमंत्री होते, ते जागेवर राहिले. आणि दोन वर्षांनी मुख्यमंत्री झाले. तेलंगणात आजही या तुलनेत बापूजींना निष्ठावंत आणि रावांना धूर्त ठरवले जाते. मला हा निवाडा उथळ वाटतो. बापूजींना जमावावर विश्वास होता, रावांना कागदावर. बापूजींच्या मार्गाने तेलंगण यायला २०१४ उजाडले. २००१ मध्ये ज्यांच्या घरात तेलंगण राष्ट्र समितीची स्थापना झाली ते बापूजी सप्टेंबर २०१२ मध्ये गेले, राज्य त्यांनी पाहिले नाही. रावांच्या मार्गाने मुल्की हक्क न्यायालयात टिकला आणि रस्त्यावर गेला. एकाला माणसे मिळाली, दुसऱ्याला आदेश मिळाला. ज्याला दोन्ही हवे होते त्या तेलंगणाला दोघांपैकी एकही पुरा पडला नाही.

१९७३ नंतरची अठरा वर्षे मी भराभर ओलांडतो. काँग्रेसचे सरचिटणीस, १९७७ ला हनमकोंड्याचे खासदार, १९८० पासून परराष्ट्र, मग गृह, संरक्षण, मनुष्यबळ विकास. १९८६ चे शैक्षणिक धोरण त्यांच्या कारकिर्दीतले, नवोदय विद्यालयेही. आपल्या कागजनगरला एक आहे. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेतसुद्धा हनमकोंड्यात ते पडले, रामटेकने वाचवले. दिल्लीत त्यांची ख्याती काय होती? मसुदे करणारा माणूस. पक्षाचा ठराव असो, जाहीरनामा असो, कोणाचे तरी लांबलचक भाषण असो, नरसिंह रावांकडे द्या. अशा माणसाचे राजकीय वजन नसते, असे सगळे समजत. १९९१ ची निवडणूक त्यांनी लढवलीही नाही. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि बरोबर एका महिन्याने, २१ जूनला, या मसुदे करणाऱ्या माणसाने पंतप्रधानपदाची शपथ घेतली.

पुढचे तेहतीस दिवस तुम्हांला ठाऊक आहेत. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरलेले. १ आणि ३ जुलैला रुपयाचे अवमूल्यन. देशाचे सत्तेचाळीस टन सोने परदेशी बँकांकडे तारण. आणि २४ जुलैला, अर्थसंकल्पाच्याच दिवशी, नवे औद्योगिक धोरण. अठरा उद्योग वगळता बाकी सगळ्यांचे परवाने रद्द, चाळीस वर्षांचे परवाना राज्य एका निवेदनात संपले. हे श्रेय कोणाचे, यावर वाद होतो. मनमोहनसिंगांचे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि अर्थसंकल्प त्यांचाच होता. पण उद्योग खाते कोणाकडे होते? खुद्द पंतप्रधानांकडे. ते निवेदन त्यांच्याच खात्याचे. शिवाय बहुमत नसलेल्या सरकारात अर्थमंत्र्याला झाकून धरायचे काम पंतप्रधानांशिवाय कोण करणार होते? एवढे उत्तर पुरे. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते निवेदन मंजूर कसे झाले, हे.

मंत्रिमंडळात पहिला मसुदा अडला. नेहरू-इंदिरांच्या पक्षात त्यांचेच धोरण मोडायचे? जुने मंत्री बिथरले. तेव्हा मसुद्याला एक प्रस्तावना जोडली गेली. तिच्यात नेहरू आले, १९५६ चा औद्योगिक ठराव आला, इंदिराजी आणि राजीवजी आले; आता जे करायचे ते त्यांच्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे, असे मांडले गेले. आतला मजकूर? तो जवळजवळ तोच राहिला! कोर्टात नवा मुद्दा मांडायचा असेल तर मुरलेला वकील ‘मी नवे सांगतो’ असे कधी म्हणत नाही. तो जुने निकाल काढतो आणि हेच तर आधीपासून कायद्यात होते, असे दाखवतो. न्यायाधीशाला त्यामुळे बदल करायला धीर येतो. नरसिंह रावांनी अख्ख्या काँग्रेस पक्षापुढे हेच केले. एप्रिल १९९२ च्या तिरुपती अधिवेशनातही बाजाराकडे झुकणारे धोरण त्यांनी नेहरूंच्या मध्यम मार्गाच्या नावाने मांडले. याला कोणी लबाडी म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण यात फसवले कोणीच गेले नाही. मंत्र्यांना कळत होते, पक्षाला कळत होते, कामगार संघटनांना तर सगळ्यात आधी कळले. ऐकणाऱ्यांना माघार न घेता होकार देण्याची सोय करून दिली, इतकेच. पण या युक्तिवादाला एक गोष्ट लागते, ती म्हणजे समोर युक्तिवाद ऐकून घेणारे माणूस. मंत्री, खासदार, सचिव, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, हे सगळे कागद वाचणारे लोक. त्यांच्यापुढे रावांना तोड नव्हती.

आणि आता ६ डिसेंबर १९९२.

त्या दिवशी दिल्लीत पंतप्रधान कोण होते? निजामाच्या राज्यातला एक वकील. गृहमंत्री कोण होते? निजामाच्या राज्यातला दुसरा कायदेपंडित, आपले शेजारी शंकरराव चव्हाण, तेही स्वामी रामानंद तीर्थांचे अनुयायी. गृहसचिव माधव गोडबोले यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट आणून अयोध्येतली बाबरी मशिदीची वास्तू ताब्यात घेण्याची योजना तयार ठेवली होती. फैजाबादजवळ केंद्रीय दलांच्या तुकड्या उभ्या होत्या, पण त्यांचा वापर राज्य सरकारने मागितल्याशिवाय व्हायचा नव्हता. दुसऱ्या बाजूला काय होते? उत्तर प्रदेश सरकारने सर्वोच्च न्यायालयात दिलेली हमी होती. कारसेवा प्रतीकात्मक राहील, वास्तूला धक्का लागणार नाही, असे लिहून दिले होते. २८ नोव्हेंबरला न्यायालयाने ती हमी नोंदवून घेतली, निरीक्षकही नेमला. राज्यपालांचे मत राष्ट्रपती राजवटीच्या विरोधात होते. म्हणजे फाइल पाहिली तर सगळे जागच्या जागी. प्रतिज्ञापत्र आहे, न्यायालयाचा आदेश आहे, निरीक्षक आहे, राज्यपालांचे पत्र आहे. नरसिंह रावांनी फाइलवर विश्वास ठेवला. संध्याकाळपर्यंत मशीद उरली नव्हती.

त्यांनी यावर पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, २००६ मध्ये आले. वाचणाऱ्याला ते एखाद्या लेखी कैफियतीसारखे वाटते. युक्तिवाद असा की गुन्हा घडण्याआधीच लोकनियुक्त सरकार बरखास्त करण्याचा अधिकार घटना केंद्राला देत नाही. हा युक्तिवाद हसून सोडून देण्यासारखा नाही, कारण ३५६ व्या कलमाचा दुरुपयोग किती झाला आहे ते आपण जाणतो, आणि मार्च १९९४ च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाला लगाम घातला. मग दोष कुठे द्यायचा? दोन ठिकाणी. एक तर, ३५६ वे कलम नीट वाचले तर राष्ट्रपतींचे समाधान राज्यपालांच्या अहवालावरून ‘किंवा अन्यथा’ होऊ शकते. म्हणजे राज्यपालांचे पत्र विरुद्ध असले तरी दार बंद नव्हते. आणि १५ डिसेंबरला, नऊ दिवसांनी, याच सरकारने मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातली सरकारे घालवलीच की! बोम्मई निकालाने ती बरखास्ती योग्यही ठरवली. ज्या वकिलाला ५ तारखेला अधिकार दिसला नाही त्याला १५ तारखेला तो दिसला. कायदा मधल्या काळात बदललेला नव्हता.

दुसरा दोष मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो त्यांच्याच धंद्याच्या मापाने दोष आहे. चांगला वकील समोरच्याचे प्रतिज्ञापत्र वाचताना काय पाहतो? हे खोटे ठरले तर याचे काय जाईल, हे पाहतो. ज्याला खोटे बोलून गमवायचे काहीच नाही त्याच्या सहीवर तो फिर्यादीचे भविष्य टांगत नाही. उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री कल्याणसिंग यांचे काय गेले? सरकार गेले, पण ते जाण्यानेच पक्षात त्यांची उंची वाढली. न्यायालयाच्या अवमानाबद्दल ऑक्टोबर १९९४ मध्ये त्यांना शिक्षा झाली: एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड. त्या प्रतिज्ञापत्राची किंमत एवढी होती, आणि ही किंमत आधी कळण्यासारखी होती. म्हणून ‘ते फार कायदेशीर वागले’ हा त्यांचा नेहमीचा बचाव मला पटत नाही. त्या दिवशी ते पुरेसे वकील नव्हते, असे मी म्हणेन.

कोणी म्हणेल, हा सगळा वकिलीचा पसारा कशाला? राव मुळातच निर्णय टाळणारे होते, आणि मनातून त्यांना मशीद गेली तर बरीच होती. मनातले मला ठाऊक नाही, तुम्हांलाही नाही, आणि पुराव्यावाचून माणसाच्या मनावर खटला चालवायचा नसतो. पण निर्णय टाळणारे म्हणाल, तर जमीन कायदा आणणारा, महिन्याभरात परवाना राज्य मोडणारा, फेब्रुवारी १९९२ मध्ये धुमसत्या पंजाबात निवडणुका घेणारा माणूस निर्णय टाळणारा कसा? आणि मशिदीच्या बाबतीत याच सरकारने सप्टेंबर १९९१ मध्ये प्रार्थनास्थळांचा कायदा केला होता. १५ ऑगस्ट १९४७ ला जे स्थळ जसे होते तसेच राहील, असे तो सांगतो. अयोध्येचा तेवढा अपवाद. म्हणजे पुढची भांडणे त्यांनी आधीच कागदाने बांधली होती, आणि अयोध्येचे भांडण न्यायालयाच्या कागदावर सोपवले होते. पद्धत एकच. १९७२ मध्ये वाटले की सर्वोच्च न्यायालय बोलले, आता लोक गप्प बसतील. १९९२ मध्ये वाटले की सर्वोच्च न्यायालयापुढे लिहून दिले, आता लोक थांबतील. या बुद्धिमान माणसाला सतरा भाषा येत असे लोक कौतुकाने सांगतात. मधल्या वीस वर्षांत हा एक धडा मात्र शिकायचा राहून गेला.

या सवयीची एक तिसरी, ओशाळवाणी बाजूही आहे आणि आपण ती झाकू नये. २८ जुलै १९९३ रोजी त्यांच्या सरकारवरचा अविश्वास ठराव २६५ विरुद्ध २५१ मतांनी फेटाळला गेला. आकड्याचा कागद जुळला. तो जुळवण्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच दिल्याचा आरोप झाला. प्रकरण घटनापीठापुढे गेले, आणि १९९८ मध्ये बहुमताने निकाल लागला तो विलक्षण: लाच घेऊन ज्यांनी सभागृहात मत दिले त्यांना घटनेच्या १०५ व्या कलमाचे संरक्षण आहे, देणाऱ्यांना नाही. म्हणून घेणारे सुटले आणि माजी पंतप्रधान आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. २००० मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरवले, २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने माफीच्या साक्षीदाराचा पुरावा अविश्वसनीय मानून सोडले. कायद्याने ते निर्दोष आहेत आणि मी त्यांना निर्दोषच म्हणणार. पण संसदेतले बहुमत हा निव्वळ मोजणीचा कागद आहे, तो कसा जमला हे विचारायचे नाही, अशी जी समजूत त्या वर्षांनी देशात रुजवली, तिच्या जबाबदारीतून उच्च न्यायालय कोणाला मोकळे करू शकत नाही.

आता आपल्या घरी येतो. कागदाचे सामर्थ्य आणि कागदाचे दुबळेपण आदिलाबादइतके कोणाला ठाऊक आहे? १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम पडले ते जमिनीच्या आणि रानाच्या हक्कासाठी. हाती पट्टा नाही, पहाणीत नाव नाही, म्हणजे पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन आपली नाही; हे गोंड, कोलाम, परधान यांनी सोसले. अनुसूचित भागातली आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा विनियम होता, तो १९६३ मध्ये तेलंगणाला लागू झाला. त्या वेळी राज्याचे कायदा खाते नरसिंह रावांकडे होते. १९७० मध्ये तो आणखी कडक झाला. कागदावर याहून चांगला कायदा सापडणे कठीण. आणि प्रत्यक्षात? २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. मेलेल्यांचा सरकारी आकडा १३, लोकांच्या तोंडी तो कितीतरी मोठा. कशासाठी जमले होते ते? जमिनीसाठीच. कायदा होऊन अठरा वर्षे झाली होती.

हीच गोष्ट पुन्हा घडली. डिसेंबर १९९२ मध्ये, अयोध्येची धूळ खाली बसली नव्हती तेव्हा, राव सरकारने ७३ वी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर करून घेतली. पंचायतींना घटनेत जागा देणारी ही दुरुस्ती, माझ्या मते, त्यांच्या कारकिर्दीतले १९९१ च्या तोडीचे काम आहे. पण अनुसूचित क्षेत्रे तिच्यातून वगळलेली होती; उटनूरच्या गोंडाला ती लागू नव्हती. त्यासाठी १९९४ मध्ये दिलीपसिंह भुरिया समिती नेमली गेली, १९९५ च्या जानेवारीत तिचा अहवाल आला, आणि ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा आला २४ डिसेंबर १९९६ ला, राव पायउतार झाल्यावर. आंध्र प्रदेशाने त्याचे नियम केव्हा केले? २०११ मध्ये. कायदा आणि नियम यांच्यात चौदा वर्षे. दिल्लीच्या वकिलाने आपला कागद चोख केला होता. तो उटनूरपर्यंत पोचवणारे माणूस, तहसीलीत बसून त्याची अंमलबजावणी करायला लावणारे माणूस, त्याच्या पद्धतीत कुठेच बसत नव्हते. बापूजींसारख्यांच्या पद्धतीत ते होते, पण बापूजींच्या हाती लेखणी नव्हती.

म्हणून नरसिंह रावांना मोठे म्हणायचे की नाही, असे मला विचाराल तर मी मोठे म्हणेन, आणि १९९१ साठी निःसंकोच म्हणेन. ज्या तरुण वकिलांना आज राजकारणात जायचे आहे त्यांनी त्यांच्याकडून मसुदा करायला अवश्य शिकावे. अयोध्येचा हिशेब मात्र त्यांच्या खात्यावरून वळता करता येत नाही. मशीद पाडल्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लिबरहान आयोगाने काय म्हटले आणि पक्षाने काय म्हटले, याने त्यात फरक पडत नाही. त्यांचे नाव अखेर कुठे राहिले, ते तारखांनीच सांगतो. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांना भारतरत्न जाहीर झाले. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘पी. व्ही. नरसिंह राव विरुद्ध सरकार’ या १९९८ च्या खटल्यातला निकाल एकमताने रद्दबातल ठरवला. लाच घेऊन मत देणाऱ्या खासदाराला आता संरक्षण नाही. आणि ३० मार्चला राष्ट्रपती भवनात त्यांच्या मुलाने वडिलांचे भारतरत्न स्वीकारले.